फुली मारलेलं दार

"कोणी आहे काऽऽ?"

वेल्डरने तिसऱ्यांदा हाक मारली, कान दिला, आणि खडूने दारावर फुली मारली. फुली म्हणजे पाहिलं, रिकामं. सगळ्या खोल्यांच्या दारांवर फुल्या पडल्या की कंत्राटदार आपल्या बोटीतून बटण दाबणार, तळाला लावलेले सुरुंग उडणार आणि हे म्हातारं जहाज गावच्या किनाऱ्यासमोर कायमचं आडवं होणार. म्हणे माशांना घर होईल. जहाज तोडायचं तर पैसे पडतात. बुडवलं की फीत कापता येते.

वाळूवर सगळं गाव उभं होतं. घोषणा लोखंडी भिंती फोडून आत येत होत्या, आणि त्या गलक्यातही वेल्डरला आपल्या बायकोचा आवाज बरोब्बर ऐकू येत होता. त्याने हे काम धरल्यापासून ती त्याला फक्त जेवायला वाढायची. बोलायची नाही.

कमरेची वॉकीटॉकी खरखरली. "आटप रे! उजेड आहे तोवर उडवायचंय. उद्या कोर्टात तारीख आहे यांची." कंत्राटदार खदाखदा हसला. "बुडालेल्या जहाजाला काय कप्पाळ स्थगिती देणार?"

भटारखान्यामागची थंड खोली शेवटची. एके काळी तिथे मांस टांगायचे. वेल्डरने जाड दार ओढलं.

उलट्या बादलीवर त्याची सासू बसली होती. मांडीवर कापडी पिशवी.

"दार लावा, जावईबापू. वारा येतोय."

वेल्डरच्या हातातला खडू गळून पडला. "आई! तुम्ही इथे कशा आलात?"

"होडीनं. पाण्यावरून चालायची सवय नाही मला."

"डोकं फिरलंय का तुमचं? सुरुंग आहेत खाली! उठा आधी."

"उठते की. मी काय इथे संसार थाटायला आलेय?" म्हातारीने पिशवी सारखी केली. "एकच सांगा. तळातल्या टाकीतलं तेल उपसलं का? तुम्ही काम केलंय तिथे. उपसलंय म्हणा, ही मी निघाले. वाळूवर जाऊन गावालाही सांगते, माझा जावई सांगतोय, आता घरी चला."

वेल्डरने नजर पडलेल्या खडूकडे वळवली.

"माझ्याकडे बघून नका सांगू. तुमच्या लेकीच्या डोक्यावर हात आहे असं समजून सांगा. याच पाण्यात डुंबते ती रोज."

टाकीत पुरुषभर काळं तेल तसंच होतं. उपसत बसायला वेळ कोणाला? कंत्राटदाराने वर झाकण ठेवून ते वेल्ड करून घेतलं होतं. केलं होतं यानेच. पक्कं केलं होतं, कामात खोट नव्हती. पण समुद्राला घाई नसते. लोखंड तो बसून खातो.

"मी वर कळवतो तुम्ही इथे आहात ते," वेल्डर म्हणाला. "पोलीस येतील आणि गाठोड्यासारखं उचलून नेतील. काय मिळवलंत मग?"

"कळवा ना. तोंड तुमचं." म्हातारी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. "पोलिसांशीच भांडायचं असतं तर वाळूवर काय कमी आहेत? दारं तपासायला तुम्ही येणार हे ठाऊक होतं मला. तुमच्यासाठी बसलेय."

वॉकीटॉकी ओरडली. "झोपलास का रे तिथे? रिकामं आहे म्हण आणि उतर खाली!"

सासूने खाली, सुरुंगांच्या दिशेला पाहिलं. तिने पिशवीचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. लग्नाच्या दिवसापासून वेल्डर या बाईला वचकून होता. तीही कशाला भिते हे त्याला माहीतच नव्हतं.

त्याने वाकून खडू उचलला. कमरेची हातोडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. दाराची आतली कडी चालतेय ना, हे दोनदा बघितलं. मग बाहेर येऊन जाड दार लोटलं आणि त्यावर फुली मारली. आजवरची सगळ्यात ठसठशीत.

वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "साहेब, माणूस आहे आत."

"कुठे?"

"आवाज येतोय. सापडत नाही."

पोलिसांची बोट येऊन जहाजाला टेकली. शिड्या दणाणल्या. "खोल्यांवर फुल्या आहेत, त्या झाल्यात!" फौजदार ओरडला. "इंजिनाकडे बघा, तळात उतरा!" शिपाई बॅटऱ्या घेऊन थंड खोलीवरून धडधडत खाली गेले. आले, पुन्हा गेले. एकाचं डोकं आपटलं, त्याने जहाजाच्या आईचा उद्धार केला. गोल खिडक्यांतला उजेड तांबूस झाला, मग मळकट.

शेवटी कंत्राटदार स्वतः चढून आला. घामाघूम, धापा टाकत. "कोणी नाहीये! तुझे कान वाजतायत, भडव्या. चल, उतर. उडवून टाकू!"

टण्.

सगळे जागच्या जागी थांबले.

टण्. टण्.

कंत्राटदाराचा चेहरा उतरला. त्याने भिंतीला कान लावला, मग समोरच्या भिंतीला, मग गुडघे टेकून जमिनीला. उठला आणि त्याने वेल्डरची कॉलर धरली. "कुठून येतोय? बोल, कुठून येतोय हा आवाज?"

"लोखंड आहे, साहेब," वेल्डर म्हणाला. "एका ठिकाणी ठोकलं, की सगळीकडून येतो."