सहीचा गठ्ठा

खासदारसाहेबांची सांत्वनपत्रं अठरा वर्षं मीच टाइप करतोय. साहेब एकही वाचत नाहीत, नुसती सही ठोकतात.

आई दवाखान्यात होती तेव्हा मी चार दिवसांची रजा मागितली. साहेब म्हणाले, “अधिवेशन संपू दे, मग जा. आई कुठे पळून जातेय?”

अधिवेशन निम्मंही झालं नव्हतं, आई गेली. तिला पोचवून तिसऱ्या दिवशी कामावर आलो, तर साहेबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. सहीच्या गठ्ठ्यात मी मुद्दाम एक पत्र सरकवलं. ‘आपल्या मातोश्रींच्या निधनाचं ऐकून अतीव दुःख झालं.’ वर नाव माझं, पत्ता माझा, आणि मी समोर उभा. साहेबांनी फोनवर हसत हसत सही केली आणि हात पुढे केला. “पुढचं?”

आज सहीच्या नव्या गठ्ठ्यात तिसरं पत्र सभापतींच्या नावाचं होतं. एकच ओळ. ‘मी माझ्या खासदारकीचा राजीनामा देत आहे.’

साहेबांनी सही केली. “पुढचं?”

मी ते पत्र घडी करून खिशात घातलं.

“तुमचं अधिवेशन संपलं, साहेब. आता मी जातो.”