नाझनीनचं बंदर

श्रीरंगनं बुटाच्या टाचेनं फरशी ठोकून पाहिली, पण ती पोकळ वाजली नाही. जुन्या बंदराचं रूप पालटताना नगरपालिकेनं त्याचा आराखडा बाजूला सारून नाझनीनचा निवडला होता, आणि नाझनीन तर त्याच्याच हाताखाली शिकलेली. आईला फिरवायच्या निमित्तानं तो खोट शोधायला आला होता. बाकांवर माणसं मजेत गप्पा मारत होती, तेही त्याला सलत होतं.

वळून पाहतो तर आई समुद्रात उतरणाऱ्या पायरीवर बसून पाण्यात पाय हलवत होती.

“लहानपणी आम्ही पोरी अशाच बसायचो,” ती म्हणाली. “तुझ्या नकाशात इथं काय होतं रे?”

“कठडा,” श्रीरंग म्हणाला.

आई साडी सावरून आणखी एक पायरी खाली सरकली.