चित्र आलं, आवाज नाही

पडद्यावर मधोमध एक करडा चौकोन आणि त्यात एकच ओळ : प्लगइन सापडलं नाही.

"सापडलं नाही म्हणजे? हरवलं कुणी?" बाबांनी विचारलं.

धाकट्याला उत्तर द्यायला वेळ होताच कुठे. ताईच्या जहाजाच्या कंपनीने खलाशांच्या घरच्यांसाठी थेट प्रक्षेपण ठेवलं होतं. एकेकाला पाच-पाच मिनिटं, त्यांनी तिकडून बोलायचं, आपण इकडून नुसतं बघायचं. आणि ताईचा नंबर आता लागणारच होता. फोनवर ती वेबसाइट उघडतच नव्हती. घरात कॉम्प्युटर एकच, आणि त्याच्यावर या दिवट्याने विंडोज काढून अगदी हौसेने ते पेंग्विनच्या चित्राचं लिनक्स टाकून ठेवलेलं.

"चांगलं चाललं होतं," बाबा म्हणाले. "पण नाही. याला पेंग्विन पाळायचा होता."

"बाबा, दोन मिनिटं गप्प बसता का?"

"मी बसतो. ती दोन मिनिटं बसणार आहेत का, ते बघ."

धाकट्याने काळी खिडकी उघडली, प्लगइन टाकायची कमांड मारली. मशीनने पासवर्ड मागितला. त्याची बोटं तर धावत होती, पण पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नव्हतं.

"घ्या, कीबोर्डही गेला."

"पासवर्ड असाच असतो इथे. टाकताना दिसत नाही."

"घरच्यांपासूनही लपवायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी."

मग ओळींमागून ओळी सरकत गेल्या, शेवटी एकदाचं थांबलं. ब्राउझर बंद, ब्राउझर चालू. चौकोन काळा झाला, थरथरला, आणि एकदम ताई. नारिंगी बॉयलर सूट, गालावर ग्रीसचा पट्टा, मागे पाइपच पाइप, आणि वेणी कुठे गेली? केस पार मानेपर्यंत कापलेले.

"बारीक झालीय," बाबा म्हणाले, खरं तर ती चांगली सुधारली होती.

ताईचे ओठ हलत होते. स्पीकरमधून मात्र नुसती घर्र घर्र.

"अरे, आवाज कुठाय?"

धाकट्याने आवाज पूर्ण वाढवला. घरघर वाढली. वायर काढून पुन्हा खोचली. घरघर गेली, परत आली. चुकीचंच प्लगइन टाकलं आपण, जुनं टाकलं, त्याने ताईचं बोलणं खाऊन टाकलं, आणि आता ती बोलतेय, बोलतेय, आणि तिची मिनिटं चाललीयत. पुन्हा काळी खिडकी, पुन्हा तो न दिसणारा पासवर्ड, तोही घाईत चुकला.

"थांब, मी बघतो," म्हणत बाबांनी स्पीकरला एक टपली मारली, मग दुसरी.

"जेवण बरं मिळतं म्हणतेय," मागून आई म्हणाली.

दोघंही वळले. आई मागे कॉटच्या कडेला बसली होती. तिचे कान गिरणीने नेले, मागांच्या खडखडाटाने. टीव्ही असो की फोन, ती अशी मागेच बसायची, आणि सगळं झाल्यावर बाबा तिला ओरडून ओरडून थोडक्यात सांगायचे. पण मागांवरच्या बायका एकमेकींशी गप्पा मारायच्या त्या ओठांनी. तोंडातून आवाज काढायचाच नाही, काढून उपयोगच नसायचा. चार-चार माग मध्ये टाकून सासूची गाऱ्हाणी इकडून तिकडे जायची.

"तुला कळतंय?" धाकट्याने तिच्याकडे तोंड करून विचारलं.

"सरक बाजूला." आई खुर्ची ओढून पुढे आली. "केस इंजिनमध्ये अडकतील म्हणून कापले. वरच्या साहेबांशी भांडण झालं होतं, मिटलं. अहो, तुम्ही गोळ्या वेळेवर घेता का विचारतेय."

"घेतो," बाबा पडद्याला मान डोलावत म्हणाले.

"खोटं बोलू नका. आणि हा किती जाड झाला असेल म्हणतेय."

धाकट्याने हसत हसत पासवर्ड पुन्हा टाकायला घेतला. बाबांनी स्पीकर कानाशी धरला.

तेवढ्यात स्पीकरमधून कुणीतरी पुरुष म्हणाला, "चल गं, पुढचा थांबलाय."

स्वच्छ. अगदी खोलीत उभं राहून बोलल्यासारखं.

ताईने मान मागे वळवली. "थांब रे, आई बघतेय." हा तर तिचाच आवाज, घोगरा, खोलीभर. मग ती पुन्हा समोर वळली, ओठ हलायला लागले, आणि पुन्हा नुसती घरघर. जहाजाच्या इंजिनाची.

धाकट्याची बोटं कीबोर्डवर राहिली. बाबांनी स्पीकर हळूच टेबलावर ठेवला.

"आता काही नाही," आई म्हणाली. "आता नुसती हसतेय."

मग ताई गेली आणि एक दाढीवाला आला, आपल्या बायकोला मोठमोठ्याने बँकेच्या कामाचं सांगू लागला. धाकट्याने त्याचा आवाज बंद केला.

"मघाशी मागे वळून काय म्हणाली?" आईने विचारलं. "तेवढं निसटलं माझं."

बाबांनी सवयीने छाती भरून घेतली, पण ओरडले नाहीत. दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून ते आईसमोर खाली बसले, चेहरा खिडकीच्या उजेडाकडे केला, आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, एकेक शब्द सुटा करत तिला सांगितलं.

आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.