मजुरीतला महिना

"मजुराले सरकारी दरानं पुरं दे, पण त्याच्यावर एक पैसा चढवू नको. तू चढवला का साऱ्याच मिलवाल्यांले चढवा लागते, अन् मंग कोणी तुले जवळ बसू देत नाही."

नानाजींना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण मजुरीची गोष्ट निघाली की वडिलांचा हा आवाज कमलाकररावांच्या कानात उमटायचाच. बाभुळगावातली डाळमिल ते याच शब्दांवर चालवत होते. कायद्यानं ठरलेली मजुरी, वेळेवर, पूर्ण. मिलमधल्या बाया कधी कुरकुरल्या नाहीत.

कुरकुर होती ती घरात. शीलाताईंनी देवापुढची फुलं सारखी करता करता एवढंच विचारलं होतं, की कायद्याचं समाधान झालं, पण मिलमधल्या मथुराबाईच्या चुलीचं होतं का?

"काहून नाही होणार?" कमलाकरराव म्हणाले.

"मग तिच्या मजुरीत एक महिना आपण राहून पाहू. आपण तर दोघंच."

त्यांना हसू आलं. बायकोचे नेम त्यांना नवे नव्हते. पुरलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, अशी त्यांनी अट घातली.

"आणि नाही पुरलं तर?"

"तं मजुरी वाढवीन. अन् मिलवाल्यांच्या बैठकीत उभा राहून सांगीन. झालं?"

शीलाताईंनी समईकडे बोट दाखवलं. कमलाकररावांनी समईला हात जोडून तेच पुन्हा म्हटलं.

कार कापडाखाली गेली. कमलाकरराव पायी मिलमध्ये जाऊ लागले. चपलेचा तुटलेला अंगठा त्यांनी मिलच्या फाटकासमोरच्या मोच्याकडून शिवून घेतला. संध्याकाळची कचोरी सुटली. शीलाताई बायांच्या वस्तीतल्या दुकानातून पाव पाव किलो तेल आणू लागल्या. दुकानदार ओशाळून, पैसे नंतर द्या, लिहून ठेवतो, म्हणायचा. त्या नको म्हणायच्या.

आणि गंमत म्हणजे, भागत होतं. ताटात कधी वांग्याची भाजी, कधी मेथी, कधी तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी आणि वर भरपूर चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. कमलाकरराव बोटं चाटत म्हणायचे, गरिबीत तं तुझा हात जास्तच चालते.

हे सगळं येतं कुठून, असं त्यांनी एकदा विचारलं. वानवळा आहे, शीलाताई म्हणाल्या, त्या पूजेला बसल्या की मागच्या दाराशी कोणी तरी ठेवून जातं. तुरीचा हंगाम होता. माल आणणारे शेतकरी आपल्या शेतातलं थोडं शेठच्या घरी पोचवतातच, आणि वानवळा काही कोणी परत करत नाही. कमलाकररावांनी आणखी एक भाकरी मागितली.

महिना संपला त्या संध्याकाळी मिलवाल्यांची बैठक होती. कमलाकरराव खुशीत होते. वजन उतरलं होतं, झोप लागत होती, आणि जिंकलेही तेच होते. 'पुरते, भरपूर पुरते,' असं आता बैठकीतही छातीठोकपणे सांगता येणार होतं.

तेवढ्यात मथुराबाई अंगणात आली. मागे मिलच्या साऱ्या बाया. कमलाकररावांना वाटलं, दर वाढवून मागायला आल्या असणार. त्यांनी मनातल्या मनात आकडे जुळवायला घेतले.

मथुराबाई पायरीवर टेकली, पदर सारखा केला.

"शेठजी, वाईट नका वाटून घेऊ. या महिन्याची आमची अर्धी मजुरी राहू द्या तुमच्यापाशीच. मिल सावरली का मंग पाहू."

"मिलले काय झालं?"

"आता आमच्यापासून कायले लपवता? गाडी झाकली, तुम्ही पायी येऊन राह्यले, बाई पाव किलो तेल नेते. आमाले समजत नाही का?" तिनं आवाज खाली आणला. "जमलं तसं घरून आणून ठेवलं आमी मागच्या दाराशी, पाळी लावून. दोन जिवांले पुरलं ना?"

कमलाकररावांनी शीलाताईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना पदर लागला होता, आणि पदराआड त्या हसत होत्या. कमलाकररावांनी आतल्या समईला पुन्हा हात जोडले, चपला पायात सरकवल्या, बायांना चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हटलं, आणि ते बैठकीच्या वाटेला लागले.