मागच्या पट्टीचं पॅकिंग

गॅरेजात धाकट्याने गाडीच्या इंजिनाच्या मागच्या बाजूला टॉर्च धरला आणि बाईंना जवळ बोलावलं.

"हे बघा. हा वरचा हवेच्या नळ्यांचा भाग, मॅनिफोल्ड, त्याच्या खालून ऑइल येतंय. मागून ओघळून पार गिअरबॉक्सपर्यंत गेलंय."

मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा सावरत वाकून पाहिलं. "पण हे चार महिन्यांपूर्वीच केलं होतं ना तुम्ही?"

"मी नाही, दादाने. मॅनिफोल्ड त्याने बसवला होता." आवाज खाली आणायची तसदीही धाकट्याने घेतली नाही. "डोळे साथ देत नाहीत आता त्याचे. पण सांगितलं तर ऐकतो कुठे?"

दादा चार हातांवर बाकावर बसून प्लग पुसत होता. त्याने मान वर केली. "झालं असेल, बाई," एवढंच म्हणाला आणि पुन्हा प्लग पुसायला लागला.

"दादा, रागावू नका," बाई म्हणाल्या, "पण या वेळी यांनाच करू द्या." किल्ली धाकट्याच्या हातात देऊन, शाळा सुटल्यावर येते म्हणून त्या गेल्या.

धाकट्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं. 'दादा आहेत का?' हा एकच प्रश्न ऐकून त्याचे कान किटले होते. उद्यापासून दादाला फोनजवळ बसवायचं, हत्याराला हात लावू द्यायचा नाही, असं त्याने बोल्ट सोडवता सोडवता ठरवूनही टाकलं.

मॅनिफोल्ड सुटायला दोन तास गेले. त्याने तो उचलून बाजूला ठेवला, सांधा बंद करणारं खालचं पॅकिंग सोललं आणि तिथेच थांबला. मॅनिफोल्ड जिथे टेकतो त्या मागच्या पट्टीवर आधीच्या जुन्या पॅकिंगचा एक तुकडा भाजून घट्ट चिकटलेला होता. बोटाच्या पेराएवढा. त्याच्यावर नवं पॅकिंग नीट बसलंच नव्हतं, ऑइलला आयती वाट मिळाली होती.

बसवणं दादाचं, जुनं पॅकिंग खरवडणं धाकट्याचं. गॅरेजात कामाची ही वाटणी पहिल्यापासूनची.

आता त्याला सगळं आठवलं. खरवडून झाल्यावर दादा नेहमीसारखा पट्टीवर नख फिरवून तपासायला आला होता. त्या दिवशी डबा खायची वेळ टळून गेली होती, आणि धाकटा खेकसला होता, "माझ्या कामावर विश्वास नसेल तर तूच खरवड!" दादाने पुढे केलेला हात मागे घेतला होता.

धाकट्याने इकडेतिकडे पाहिलं. मग पात्याने तुकडा उडवला आणि टाकाऊ ऑइलच्या डब्यात टाकला. तो बुडाला.

"मागच्या पट्टीवर होता ना?" बाकावरून दादाने विचारलं.

धाकटा वळला. "तुला माहीत होतं?"

"आज ऑइल कुठून आलं ते बघितल्यावर कळलं. तेवढीच पट्टी तपासायची राहिली होती."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

"गिऱ्हाइकासमोर?" दादा म्हणाला. भलतंच काहीतरी विचारल्यासारखं त्याने धाकट्याकडे पाहिलं.

दादाने एखादी सणसणीत शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. ते त्याला कधी जमलंच नाही. धाकट्याला त्याच्याकडे बघवेना. त्याने पट्टी पुन्हा खरवडली. एकदा, दोनदा, तीनदा. पुसली, टॉर्च मारून बघितली, परत पुसली. लखलखीत झाली तेव्हा म्हणाला, "दादा, जरा नख फिरवतोस?"

दादा उठून आला. डोळे मिटून त्याने पट्टीवरून सावकाश नख फिरवत नेलं. डाव्या कोपऱ्यात थांबला.

"इथे."

धाकट्याने टॉर्च अगदी टेकवून बघितलं, तरी काही दिसेना. पातं चालवलं तर कागदाएवढा पातळ पापुद्रा निघून आला. आपण इतकी वर्षं काय खरवडत होतो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाना त्याने गुपचूप दादाच्या हातात दिला. दादाने नवं पॅकिंग बसवलं, मॅनिफोल्ड ठेवला आणि मधल्या बोल्टांपासून बाहेर जात थोडं थोडं आवळत नेलं. धाकटा टॉर्च धरून उभा राहिला.

शाळा सुटली, बाई आल्या. इंजिन अर्धा तास चालू ठेवलेलं होतं आणि मागची बाजू कोरडी ठणठणीत होती. बाईंचा चेहरा खुलला.

"बघा! तुम्ही हात लावल्यावर कसं झालं."

"मी नाही, बाई," धाकटा म्हणाला. हे वाक्य तो दुपारपासून मनात घोळवत होता, तरी जीभ अडखळली. "आजही दादानेच बसवलंय. आणि मागची चूक माझी होती. खरवडायचं काम माझं, ते मीच नीट केलं नव्हतं. सकाळी मी उगाच त्याच्यावर..."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. त्यांचे डोळे पाणावले.

"कळतं हो मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मोठ्या भावाला कमीपणा नको म्हणून स्वतःवर घेताय."

"नाही बाई, खरंच..."

"असू दे. पण माझी गाडी यापुढे तुम्हीच बघायची, बरं का." त्या गाडीत बसल्या, काच खाली केली आणि दादाला म्हणाल्या, "दादा, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं."

"लागतं," दादा म्हणाला, आणि त्यांना गाडी वळवता यावी म्हणून त्याने बाक बाजूला ओढला.