तिघींची फाइल

"बाई, तुम्ही गोळी घेतच नाही," डॉक्टरांनी फाइल टेबलावर आपटली.

"घेतो ना साहेब." तुळसाने सुजलेली बोटं पदराखाली ओढली.

"मग बोटं तशीच कशी? आणि आरोग्य शिबिरात सांगितलेले गुडघे, खांदा? आज दाबून पाहिले तर काहीच नाही. एक महिना बघतो. फरक नसेल तर बंद."

तुळसाची मुलगी तृप्ती शेजारीच उभी होती. तुमसरच्या औषध दुकानात ती दिवसभर गोळ्या विकते, आईची ही एवढी महाग गोळी तिलाही परवडली नसती. शिबिरातून फुकट मिळाली होती. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं: सांध्यांचा दोष नाही, पेशींना आतून चुकीचा निरोप जातो आणि शरीर स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडतं. ही गोळी तो निरोप पेशीतच अडवते. सकाळी एक, संध्याकाळी एक. तीन महिने झाले. पाकिटं रिकामी, गाठी तशाच.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानाला दांडी मारली आणि आई कामाला जायची त्या बपेरा गावच्या बांधीवर, धानाच्या खाचरात, जाऊन उभी राहिली. धानाची रोवणी चालू होती. नऊ बाया एका ओळीत वाकलेल्या. कोणी पुढे जायचं नाही, कोणी मागे राहायचं नाही. मजुरी सारखी, तंबाखू-सुपारीचा खर्रासुद्धा चिमूटचिमूट वाटून.

दुपारी बाया बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसल्या. तुळसाने कमरेची पिशवी सोडली. एक गोळी उषाबाईच्या हातावर ठेवली, एक मोनाच्या. स्वतः नुसतं पाणी प्याली.

"आई, हा खर्रा आहे का वाटाले?"

"आज त्याहीची पाळी हाये," तुळसा म्हणाली. "उद्या माही."

दिवसाला दोन गोळ्या, खाणाऱ्या तिघी. कोणालाच पुरत नव्हत्या. तृप्तीचं डोकं फिरलं. "आईची छाती तपासून मग गोळी दिली. आत टीबी लपला असला तर ही गोळी त्याले उठवते. तुमची तपासली कोणी?"

उषाबाई खोकली. मग हसली. "तुही माय दोन हंगाम वाकू शकली नाही. तिची ओळ आमी लावली, तिची मजुरी घरी पोचवली. तुही फी त्यातूनच भरली. तवा नाही इचारलं तू, कोणाचा वाटा कोणाले चालला म्हणून."

तृप्ती त्यांच्याजवळ धुऱ्यावर टेकली. म्हणाली, "मग शिबिराले तुमी काहून नाही आल्या?"

"कापणी होती ना बाई."

शिबिर आलं ते नेमकं उन्हाळी धानाच्या कापणीत. धान कधी कापतात हे शिबिरवाल्यांनी कोणाला विचारलंच नव्हतं.

"ओळीतून एकच सुटू शकत होती," मोना म्हणाली. "जिचा हात चालत नव्हता तिलेच धाडलं. जातेस तर आमचंही दुखणं सांगजो म्हटलं."

तृप्तीने आईकडे पाहिलं. तुळसा बोटांवरचा चिखल काढत होती.

"सांगतलं ना मी," ती म्हणाली. "समदं सांगतलं."

दुसऱ्या दिवशी तिघींनी ओळ मोडली. बांधीचा मालक बोंबलत राहिला.

"पेशंट कोण?" डॉक्टरांनी दारातल्या चिखलाच्या सहा पायांकडे पाहत विचारलं.

तृप्तीने फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "गुडघे उषाबाईचे. खांदा मोनाचा. बोटं तेवढी माझ्या आईची."