तीन फुटांखाली

मुकादमाने पहारीचा पहिला घाव कपाटाच्या कुलपावर घातला, तेव्हा वीज खात्याच्या नकाशा विभागाचा साहेब खुर्चीतून ताडकन उठला.

"अहो, सरकारी मालमत्ता आहे ती!"

"आणि माझा भाऊ?" मुकादम म्हणाला.

रस्ते खात्याचा अभियंता दाराशीच थिजला. मुकादमाला इथे त्यानेच आणलं होतं. परवा पाण्याच्या नळासाठी चर खणताना मुकादमाच्या धाकट्या भावाचं मशीन जमिनीखालच्या विजेच्या केबलवर आदळलं आणि पोरगा बसल्या जागी कोळसा झाला. केबल कुठून जाते याचा नकाशा अभियंत्याने वीज खात्याकडे सात महिन्यांत अकरा वेळा मागितला होता. अकराही वेळा उत्तर एकच आलं, शोध चालू आहे.

काल केबल जोडून वीज पुन्हा सोडली. पुढे ती कुठे वळते, कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी आज बारा वाजता त्याच चरात दुसरं मशीन उतरणार होतं. काम थांबवायचं तर नकाशा दाखवा, असं वरून बजावलं होतं. भाऊ गेलेल्या माणसाचं तोंड पाहून तरी या साहेबाला पाझर फुटेल, अशी अभियंत्याची वेडी आशा. साहेबाने शांतपणे सांगितलं, कपाटाची किल्ली रजेवरच्या कारकुनाकडे आहे, सोमवारी या. मुकादम खाली गेला आणि जीपमधली पहार घेऊन वर आला.

"आवरा याला!" साहेब अभियंत्यावर ओरडला आणि स्वतःच कपाटापुढे हात पसरून उभा राहिला.

"बाजूला व्हा साहेब. मला तुमच्याशी भांडायचं नाही."

साहेबाने पहारीला हात घातला. मुकादमाने ती हिसडून पुन्हा घाव घातला. तो कुलपावर बसला नाही. साहेबाचं मनगट पहार आणि कपाट यांच्यामध्ये सापडलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. साहेब किंचाळत खाली बसला. मुकादम क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याने तिसरा घाव घातला.

कुलूप तुटलं. नकाशांच्या गुंडाळ्या भडाभडा जमिनीवर आल्या.

अभियंता गुडघ्यांवर बसला. शेजारी साहेब कण्हत होता. आधी त्याला उचलावं, हे अभियंत्याला कळत होतं. हात मात्र गुंडाळ्या उलगडत होते. पाचवी, सहावी, नववी. धूळ झटकताच रस्त्याचं नाव दिसलं. शाळेच्या कोपऱ्यावर केबल रस्ता ओलांडत होती. खोली तीन फूट. दुसरं मशीन नेमकं तिथेच लागणार होतं.

तेवढ्यात पहारेकरी धावत आले, तिघे. पहिली काठी मुकादमाच्या पाठीत बसली, दुसरी डोक्यात. पहार हातातून सुटली. तो पालथा पडला तरी ते थांबेनात. एकाने बुटाने त्याची मान दाबून धरली. कपाळातलं रक्त फरशीवरून नकाशांकडे निघालं.

"साहेब," तो खालूनच अभियंत्याला म्हणाला, "सापडला का?"

"सापडला."

"मग फोन लावा की! माझ्याकडे काय बघताय?"

अभियंत्याने कामावरच्या सुपरवायझरला फोन लावला. बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

"मशीन बंद कर! आत्ताच्या आत्ता! शाळेच्या कोपऱ्यावर आहात ना? केबल तिथेच आहे, तीन फुटांवर!"

"काय म्हणता साहेब? ऐकू येत नाही, मशीन चालू आहे."

"बंद कर म्हणतोय! नकाशा माझ्या हातात आहे!"

पलीकडे मशीनची बकेट दगडावर खरवडल्याचा आवाज आला. सुपरवायझर मशीनपासून थोडा लांब आला.

"करतो की साहेब. पण चालू करायचा आदेश लेखी आहे. तुम्हीही एवढं लेखी पाठवा, लगेच बंद करतो."